विल्सन राइल्स : एक लोकनियुक्त विद्याधिकारी

शाळाखात्याचा मुख्य कोणीं नेमावा, हा प्रश्न आमच्या देशांत फारसा कोणी विचारीत नाहीं. सरकार नेमतें, हुकूम निघतो, आणि खेड्यांतल्या मास्तरास साहेबाचें नांव परिपत्रकाखालच्या सहीवरून कळतें. साहेब चांगला निघाला तर नशीब. वाईट निघाला तर त्याची बदली होईपर्यंत वाट पाहावयाची. परंतु हा अधिकार लोकांनीं आपल्या हातीं ठेविला आहे असेहि मुलूख जगांत आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं सुमारे डझनभर संस्थानांत शाळाखात्याचा मुख्य आजहि मतपेटींतून निवडला जातो. त्यांत लोकवस्तीनें सर्वांत मोठें संस्थान कॅलिफोर्निया. तेथील १८४९ सालच्या पहिल्याच राज्यघटनेंत हें पद लोकांनीं निवडावयाचें असें लिहिलें गेलें, आणि तें आजतागायत तसेंच चालत आलें आहे. या पदावर १९७१ पासून १९८३ च्या आरंभापर्यंत बारा वर्षें बसलेल्या विल्सन राइल्स या शिक्षकाची हकीगत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ते जातीचे काळे, पोरके आणि एका एकखोली शाळेचे मास्तर होते, एवढ्याचसाठीं नव्हे. त्यांच्या कारकीर्दींत मोठें यश आहे, मोठें अपयश आहे, आणि एक असा खटला आहे कीं, ज्याचा विचार अधिकाराच्या जागेवर आपला माणूस बसला म्हणजे सर्व झालें असें समजणाऱ्या प्रत्येकानें करावा.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील काळ्या लोकांस दास्यांतून सोडविणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केला, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्या अर्पणानंतर ४४ वर्षांनीं, म्हणजे १९१७ च्या जून महिन्यांत, लुइझियाना संस्थानांत अलेक्झांड्रिया शहराजवळच्या खेड्यापाड्यांच्या मुलुखांत राइल्स जन्मले. कायद्यानें गुलामी जाऊन अर्धें शतक लोटलें होतें. पण शाळेची भिंत उभीच होती. गोऱ्यांची शाळा निराळी, काळ्यांची निराळी. आणि काळ्यांची म्हणजे जी उरलीसुरली ती. पुष्कळ गांवांत काळ्या मुलाला प्राथमिकाच्या पुढें वर्गच नसे. राइल्स यांचे आईबाप ते लहान असतांनाच वारले. ओळखीच्या एका कुटुंबानें त्यांस घरीं घेऊन वाढविलें. पुढील शिक्षणासाठीं न्यू ऑर्लिन्स शहर गांठावें लागलें, आणि तेथें काम करीत करीत त्यांनीं हायस्कूल संपविलें.

नंतर ते ॲरिझोना संस्थानांत गेले. तेथें फ्लॅगस्टाफ या गांवीं शिक्षक तयार करणारें सरकारी कॉलेज होतें; आमच्या ट्रेनिंग कॉलेजाचाच तो मोठा भाऊ म्हणावयाचा. त्या कॉलेजांत काळा विद्यार्थी हा एकटाच. मोलमजुरी करून फी भरावयाची, आणि वर्गांत आपल्यासारखें दुसरें तोंड दिसावयाचें नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं १९४० सालीं पदवी घेतली. पहिली नोकरी मिळाली ती अपाची लोकांच्या राखीव मुलुखांतील काळ्या मुलांच्या एकखोली शाळेवर. ॲरिझोनांतहि त्या काळीं प्राथमिक शाळेंत काळ्या मुलांस वेगळें बसविण्याचा कायदा होता.

एकशिक्षकी शाळा म्हणजे काय, हें ज्यानें चालविली आहे त्यासच कळतें. एका कोपऱ्यांत बाराखडी, दुसऱ्यांत त्रैराशिक. एक पोर पाण्याला गेलें, एक भावंडाला कडेवर घेऊन आलेलें. आणि मास्तर एकाच वेळीं हेडमास्तर, कारकून आणि घंटा देणारा शिपाई. या शाळेंतून जो वर गेला, त्याला एक गोष्ट पक्की समजते कीं, मूल शिकत नाहीं तेव्हां दोष मुलाच्या डोक्यांतच असतो असें नाहीं. राइल्स यांच्या पुढच्या सर्व कामांत ही समज दिसून येते, असें आमचें मत आहे.

महायुद्धांत त्यांनीं हवाई दलांत चाकरी केली. परत आल्यावर १९४७ सालीं त्याच फ्लॅगस्टाफच्या कॉलेजांतून एम्. ए. झाले, आणि १९५४ पर्यंत त्या गांवीं शाळेचें काम पाहत राहिले. १९५४ हें तेंच साल कीं, ज्या सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें वर्णभेदाच्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. त्या सालीं राइल्स लॉस एंजल्सला गेले आणि युद्धविरोधी व सलोख्याचें काम करणाऱ्या एका मंडळाचे त्या भागाचे चिटणीस झाले. चार वर्षांनीं, १९५८ सालीं, ते कॅलिफोर्नियाच्या शाळाखात्यांत शिरले. काम काय, तर शिक्षकांच्या नेमणुकींत वर्णावरून डावेंउजवें होतें कीं काय तें पाहणें आणि होत असेल तेथें शाळामंडळांस समजावणें. हें काम बिनकाट्याचें नव्हे. ज्याला नेमणूक द्यावयाची नाहीं त्याच्यासाठीं कारण शोधण्यांत कमिट्या फार हुशार असतात. हें आम्हां शाळामास्तरांस अमेरिकेवरून शिकावयास नको.

१९६५ सालीं मध्यवर्ती सरकारनें गरीब वस्तींतील शाळांसाठीं मोठी रक्कम देणारा कायदा केला. श्रीमंताच्या मुलास घरीं जें मिळतें तें गरिबाच्या मुलास शाळेंत भरून द्यावयाचें, हें त्यामागचें तत्त्व. कॅलिफोर्नियांत ही रक्कम वाटण्याचें व तिचा हिशेब पाहण्याचें खातें राइल्स यांजकडे आलें. पुढें ते उपमुख्य झाले. येथपर्यंत ही एका कर्तबगार नोकराची चढती कमान आहे. अशा कमानी सर्व देशांत असतात, आणि पेन्शनीच्या समारंभांत संपतात. राइल्स यांनीं मात्र एक निराळें काम केलें. ते आपल्याच साहेबाविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले.

हे साहेब म्हणजे डॉ. मॅक्स रॅफर्टी. यांची ओळख दिल्यावांचून पुढची गोष्ट समजणार नाहीं. तेहि मूळचे शाळामास्तरच, तेहि लोकनियुक्तच. १९६२ व १९६६ अशा दोन वेळां लोकांनीं त्यांस निवडून दिलें होतें. भाषा तिखट, लेखणी धारदार, आणि वर्तमानपत्रांतून देशभर नांव. नव्या शिक्षणपद्धतीनें मुलें बिघडलीं, देशाभिमान बुडाला, पूर्वीचें पाठांतर व पूर्वीची शिस्त आणा, हा त्यांचा नेहमींचा सूर. १९६८ सालीं ते सिनेटच्या जागेसाठींहि लढले व पडले. शाळेचें पद हें त्यांस पुढच्या जिन्याची पायरी वाटत असावें, असा संशय घेणें अन्यायाचें होणार नाहीं. पण एक गोष्ट त्यांच्या खातीं जमा केली पाहिजे: राइल्स यांना खात्यांत वर चढविणारे रॅफर्टीच होते.

१९७० सालच्या जून महिन्यांतील पहिल्या फेरींत पुष्कळ उमेदवार होते. रॅफर्टी यांस निम्म्याहून किंचित् कमी मतें पडलीं. थोडीं अधिक पडतीं तर तेथेंच खेळ आटोपला असता. राइल्स बरेच मागें पण दुसरे आले, आणि नोव्हेंबरांत दोघांची अखेरची लढत झाली. त्या वेळीं कॅलिफोर्नियांत काळ्या लोकांची वस्ती शंभरांत सात. संस्थानांतील सर्व मतदारांनीं निवडावयाच्या कोणत्याहि पदावर तोंपर्यंत काळा माणूस कधीं आला नव्हता. राइल्स यांस शहराबाहेर कोणी ओळखीत नव्हतें. त्यांनीं आपल्या वर्णाचें भांडवल केलें नाहीं, आणि प्रतिपक्ष्यासारखा आरडाओरडाहि केला नाहीं. मुलें वाचावयास शिकलीं पाहिजेत व शाळेनें पैशाचा हिशेब दिला पाहिजे, एवढेंच ते सांगत हिंडले. निकाल लागला तेव्हां शंभरांत सुमारे ५४ मतें राइल्स यांस पडलीं होतीं.

गंमतीची गोष्ट अशी कीं, त्याच दिवशीं त्याच मतदारांनीं रोनाल्ड रेगन यांस पुन्हां गव्हर्नर केलें. रेगन जुन्या वळणाचे, खर्च कमी करूं पाहणारे. रॅफर्टी यांच्याच बाजूचे म्हणावयाचे. म्हणजे एकाच मतपत्रिकेवर लाखों लोकांनीं गव्हर्नर एका मताचा व शाळामुख्य दुसऱ्या मताचा निवडला. मतदार मेंढरासारखा जातो असें म्हणणाऱ्यांनीं हा दाखला ध्यानीं ठेवावा. शाळेचें पद तेथें पक्षाच्या चिठ्ठीवर लढविलें जात नाहीं. उमेदवाराच्या नांवापुढें पक्षाचें नांव छापलेलें नसतें. त्यामुळें मतदारास निराळा विचार करण्यास जागा राहते. १९७४ व १९७८ सालीं राइल्स पुन्हां निवडून आले. १९७३ सालीं काळ्या लोकांच्या मोठ्या राष्ट्रीय सभेनें आपलें सर्वांत मानाचें स्पिंगार्न पदक त्यांस दिलें.

आतां काम पाहूं. त्यांच्या हातीं सुमारे ४५ लक्ष मुलांचा कारभार आला, आणि शाळामंडळें हजारावर. पण वाचकांनीं अशी समजूत करून घेऊं नये कीं निवडून आलेला मुख्य म्हणेल तें होईल. शाळांचें धोरण ठरविणारें बोर्ड निराळें. तें गव्हर्नर नेमतो. पैसा देणारें कायदेमंडळ निराळें. मुख्यानें बोर्डाचा चिटणीस व अंमलबजावणीचा अधिकारी म्हणून वागावयाचें. मतें लोकांचीं, हुकूम बोर्डाचा, आणि पेटीची किल्ली तिसऱ्याजवळ. अशा जागीं जोराजोरानें बोलणारा माणूस वर्तमानपत्रांत शोभतो. पण काम करून घ्यावयाचें तर दारोदार जाऊन पटवावें लागतें. राइल्स हे पटविणाऱ्यांपैकीं होते.

त्यांची मुख्य योजना बालवर्गापासून तिसऱ्या इयत्तेपर्यंतची. त्यांचें म्हणणें असें कीं, मुलास पुढें दुरुस्त करण्यावर जो पैसा जातो त्याच्या थोड्या भागांत आरंभींच पाया घालतां येतो. पहिल्या आराखड्यांत चार वर्षांच्या मुलांसहि शाळेंत घेण्याची सूचना होती, ती गळली. बाकीचा कायदा १९७२ सालीं पास झाला आणि त्यावर सही केली ती काटकसरवाल्या रेगन यांनीं! १९७३ पासून थोड्या थोड्या शाळांतून काम सुरूं झालें. सगळ्या संस्थानांत एकदम हुकूम सोडला नाहीं, हें त्यांतलें शहाणपण. खेड्यांतल्या शाळेंत एकाच जूनमध्यें नवें पुस्तक, नवी पद्धति आणि नवा तक्ता येऊन पडतो, आणि दिवाळीपूर्वीं तो तक्ता बदलल्याचें पत्रहि येतें, हें ज्यांनीं सोसलें आहे त्यांस या संथपणाची किंमत कळेल.

या योजनेंत दोन गोष्टी मुख्य होत्या. एक अशी कीं, वर्गांत दर दहा मुलांमागें एक मोठें माणूस असावें हें ध्येय. तें माणूस शिक्षकच पाहिजे असें नाहीं, पगारी मदतनीस चालेल, किंवा मुलाची आईहि. दुसरी अशी कीं, शाळेनें आपला आराखडा आपण करावा, आणि तो करण्याच्या बैठकींत पालक बसलेले असले पाहिजेत. पालकांवांचून आराखडा नाहीं, आणि आराखड्यावांचून जादा पैसा नाहीं. ज्या शेतमजुराची बायको शाळेच्या फाटकाशीं उभी राहून घाबरत मुलाची चौकशी करीत असे, तिला कायद्यानें आंत खुर्ची दिली. या एका कलमासाठीं आम्ही राइल्स यांस मानतों.

या कलमाचा आमच्याशीं प्रत्यक्ष संबंध आहे. आमच्याकडे २००९ च्या मुलांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति ठेवली असून तिच्यांत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असें २१ व्या कलमांत सांगितलें आहे. शाळेचा विकास-आराखडा याच समितीनें करावयाचा. कागदावर पाहिलें तर राइल्स यांच्या योजनेहून आमचें कलम जास्त सढळ आहे. पण ही समिति कशी चालते? पुष्कळ ठिकाणीं ठराव आधीं लिहून होतो आणि सही घेण्यास पोरगा घरोघर जातो. रोजगार बुडवून बाई सभेस येणार कशी, हें कोणी पाहत नाहीं. आणि आलीच तर तिला शेवटच्या सतरंजीवर बसवून पुढचे चारजण बोलतात. दोष सगळा मास्तराचा नाहीं व सगळा पालकांचाहि नाहीं. कॅलिफोर्नियांतील कलमाला धार होती ती पैशाची: आराखड्यावांचून रक्कम सुटत नसे. आमच्या समितीची सही नसली तरी कांहींच अडत नाहीं, मग तिची सही कोण मनावर घेणार?

अर्थात् त्या योजनेनेंहि कागद वाढलेच. शिक्षकांची तक्रार होती कीं शिकविण्याचा वेळ आराखडे व तपासण्या यांत जातो. आम्ही ती तक्रार खरी धरतों. कारण खातें कोणत्याहि देशाचें असो, त्यास कागद फार आवडतो. १९७७ सालच्या कायद्यानें योजनेचें नांव व रूप बदलून तिला वरच्या वर्गांपर्यंत नेलें. शारीरिक व मानसिक व्यंग असलेल्या मुलांच्या शिक्षणाची एकत्र व्यवस्था हीहि याच कारकीर्दींत १९७४ पासून आधीं निवडक भागांत व १९८० पासून सर्व संस्थानांत लागूं झाली.

पैशाची कथा मात्र निराळी आहे, आणि ती राइल्स यांच्या हातांतली नव्हती. अमेरिकेंत शाळा चालते ती पुष्कळशी त्या त्या गांवच्या घरपट्टीवर. यांतून काय होतें, तें १९७१ सालच्या सेरानो खटल्यानें उघड्यावर आणलें. लॉस एंजल्सलगत बाल्डविन पार्क नांवाचें कामकऱ्यांचें गांव व बेव्हर्ली हिल्स हें सिनेमावाल्या धनिकांचें गांव. १९६८-६९ सालीं बाल्डविन पार्कमध्यें दर मुलामागें ५७७ डॉलर खर्च झाले, बेव्हर्ली हिल्समध्यें १,२३२. कोणी म्हणेल, श्रीमंत लोक जास्त पट्टी देत असतील. उलट! बाल्डविन पार्कची शाळापट्टी दर शंभर डॉलरच्या मिळकतीस सुमारें साडेपांच डॉलर, आणि बेव्हर्ली हिल्सची अडीच डॉलरांच्याहि आंत. गरिबानें दुप्पट पट्टी भरावी व निम्मी शाळा मिळवावी, असा हा न्याय. कारण एकच: एका गांवांत दर मुलामागें मिळकत ३,७०६ डॉलरची, दुसऱ्यांत ५०,८८५ ची. कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयानें सांगितलें कीं, मुलाचें शिक्षण शेजाऱ्याच्या घराच्या किमतीवर टांगतां येणार नाहीं. आमच्याकडे जेथें शाळेची खोली ‘लोकवर्गणींतून’ बांधावयास सांगतात, तेथें हाच हिशेब लहान आंकड्यांत चालतो.

ही विषमता दूर करण्याचे कायदे होत आहेत तोंच १९७८ च्या जून महिन्यांत मतदारांनीं तेरावा ठराव म्हणून प्रसिद्ध असलेला ठराव जवळजवळ दोन-तृतीयांश मतांनीं पास केला. घरपट्टी मिळकतीच्या शेंकडा एकाहून जास्त नसावी, किंमत १९७५-७६ ची धरावी आणि सालाला शेंकडा दोहोंहून जास्त वाढवूं नये, असा तो ठराव. राइल्स त्याच्या विरुद्ध होते. गांवांचें घरपट्टीचें उत्पन्न एका फटक्यांत निम्म्याहून खालीं आलें. बहुतेक ठिकाणीं उन्हाळी शाळा बंद पडल्या. संस्थानच्या तिजोरींतून भर घालून शाळा तगविल्या गेल्या, पण तेव्हांपासून पैशाचा दोर गांवाच्या हातून सुटून राजधानींत गेला. गंमत अशी कीं यामुळें श्रीमंत व गरीब गांवांतलें अंतर कमी झालें खरें. परंतु गरिबाची शाळा वर येऊन नव्हे, तर सर्वांच्याच शाळा खालीं येऊन.

आतां तो खटला. त्याचें नांव ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’. १९७१ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंतील काळ्या मुलांच्या पालकांनीं तो लाविला. शाळांत बुद्धिमापनाच्या चाचण्या घेत, आणि ज्यांचे गुण कमी येत त्यांस ‘शिकवितां येण्याजोगे मंदबुद्धि’ असें त्या वेळच्या खात्याच्या भाषेंत नांव देऊन वेगळ्या वर्गांत टाकीत. त्या वर्गांत लिहिणें-वाचणें नांवापुरतें; एकदां तेथें गेलेलें मूल सहसा परत येत नसे. सबंध संस्थानांत काळ्या मुलांचें प्रमाण सुमारें दहांत एक. पण या वर्गांत मात्र चारांत एक काळें. फिर्यादींतील सहा मुलांची चाचणी काळ्या मानसशास्त्रज्ञांनीं, त्या मुलांस समजेल अशा बोलींत व घाई न करतां, पुन्हां घेतली. तेव्हां सहाहि मुलें मर्यादेच्या वर आलीं.

चाचणींतील प्रश्न ज्या घरांतून निघाले, त्या घरचीं मुलें हुशार ठरलीं, यांत नवल कसलें? ज्यानें आयुष्यांत टेबलावर काट्याचमच्यानें जेवण पाहिलें नाहीं त्यास काट्याचमच्याचा प्रश्न विचारावा, आणि उत्तर आलें नाहीं म्हणजे त्याचें डोकें अधू ठरवावें, असा हा प्रकार. आमच्याकडेहि तोंडी परीक्षेंत ‘न’ आणि ‘ण’ यांवरून कितीएक पिढ्यांतील पोरांची बुद्धि मोजली गेली. शेताचा उतार पाहून पाणी कोठून वळवावें हें जाणणारा पोर वर्गांत ‘ढ’ ठरला, कारण तो ‘पानी’ म्हणाला.

१९७५ सालीं संस्थानच्या बोर्डानें अशा चाचण्यांवरून मुलांस त्या वर्गांत घालणें थांबविलें. पण खात्यानें चाचण्यांचा बचाव सोडला नाहीं. १९७९ सालीं न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनीं निकाल दिला तो खात्याविरुद्ध. १९८४ सालीं अपिलांत, काळ्या मुलांशीं जाणूनबुजून भेद केला हा भाग न्यायालयानें उचलून धरला नाहीं. पण चाचण्यांमुळें त्यांचें नुकसान झालें व तें मध्यवर्ती कायद्याविरुद्ध आहे, हें कायम ठेविलें.

हा खटला लागला तेव्हां मुख्य कोण? वेगळ्या शाळेंत वाढलेला, कॉलेजांत एकटा बसलेला, काळ्या मुलांच्या एकखोली शाळेवर शिकविलेला माणूस. आणि प्रतिवादी म्हणून नांव त्याचेंच. कोणी म्हणतील, नांव पदाचें असतें, व्यक्तीचें नव्हे. चाचण्या त्यांच्या आधींपासूनच्या होत्या. तें खरें आहे, आणि राइल्स यांनीं दुष्टपणा केला असें आम्ही म्हणत नाहीं. तरी पण आठ वर्षें खटला चालला आणि खातें आपली बाजू लढवीत राहिलें. जागेवर बसलेला माणूस बदलला तरी खात्याचें चाक जुन्याच चाकोरींतून फिरतें, आणि तें अडवावयास बाहेरून सहा मुलांच्या आईबापांना कोर्टाची पायरी चढावी लागते, असें येथें झालें. राइल्स यांचे चरित्र सांगणारे कित्येकजण हा खटला वगळतात. आम्हीं तो वगळला नाहीं, कारण तो वगळला तर उरतें तें नुसतें सत्काराचें मानपत्र.

१९८२ सालीं चौथ्यांदा उभे राहिले तेव्हां राइल्स पडले. त्यांस पाडणारे बिल होनिग हेहि शिक्षकच, व एका लहानशा शाळामंडळाचे मुख्य. वरच्या वर्गांत अभ्यास सैल झाला आहे, घरचा अभ्यास द्या, उत्तीर्ण होण्याच्या अटी कडक करा, हा होनिग यांचा प्रचार, आणि तो त्यांनीं दूरचित्रवाणीवर भरपूर पैसा ओतून केला. रॅफर्टी यांचा सूर बारा वर्षांनीं सौम्य गळ्यांतून पुन्हां ऐकूं आला, असें म्हटलें तरी चालेल. पण तें संपूर्ण खरें नाहीं. राइल्स यांची सारी नजर लहान मुलांवर होती आणि हायस्कुलांकडे तितकें लक्ष पोंचलें नव्हतें, ही टीका पोकळ नव्हती. पुढच्याच वर्षीं कायदेमंडळानें शाळेचा दिवस व वर्ष लांबविणारा आणि हायस्कुलाच्या अटी वाढविणारा मोठा कायदा केला. राइल्स यांनीं राजधानी सॅक्रामेंटो येथेंच शिक्षणाविषयीं सल्ला देण्याचें काम केलें, आणि १९९९ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस, वयाच्या ८१ व्या वर्षीं, तेथेंच त्यांचें देहावसान झालें.

मग शाळाखात्याचा मुख्य लोकांनीं निवडावा कीं सरकारनें नेमावा? मतपेटी हा परीस नव्हे. तिनें रॅफर्टीहि दिले आणि राइल्सहि दिले. मतें मागावयाचीं तर पैसा लागतो. १९८२ सालीं तो किती लागतो तें दिसलें. शिवाय चार वर्षांनीं लोकांपुढें जावयाचें असल्यास माणूस लवकर दिसणारें काम आधीं करतो. हे सर्व आक्षेप आम्हांस मान्य आहेत. पण नेमलेल्या साहेबास कोणापुढेंच जावयाचें नसतें, याचें काय? रॅफर्टी यांच्या हाताखालच्या माणसानें रॅफर्टी यांस उघड मैदानांत विचारलें कीं आठ वर्षांत गरिबाचें मूल किती वाचावयास शिकलें. आणि लोकांनीं तो प्रश्न ऐकला. आमच्या कोणत्या खात्यांत हाताखालचा माणूस हा प्रश्न विचारूं शकतो?

आमच्याकडे निवडणुकीचा अंश मुळींच नाहीं असें नव्हे. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. त्यांतील शिक्षण समितीचा सभापति हा निवडून आलेला सभासद असतो. पण शिक्षणाधिकारी सरकारचा, अनुदान सरकारचें, आणि सभापतीच्या हातीं बहुधा बदल्यांच्या शिफारशी तेवढ्या येतात. परिषदेच्या शाळेवरचा मास्तर स्वतः परिषदेचा चाकर, म्हणून त्यास उभें राहतां येत नाहीं. विधान परिषदेंत शिक्षकांनीं निवडावयाच्या जागा आहेत. परंतु घटनेच्या १७१ व्या कलमानें तेथें मत देण्याचा अधिकार माध्यमिक दर्जाच्या खालीं शिकविणारांस नाहीं. पहिली ते चौथीला शिकविणारा, म्हणजे ज्याच्यापाशीं मुलाचा पाया घातला जातो तो, शिक्षकांच्या मतदारसंघांत शिक्षक धरला जात नाहीं. पहिल्या नोकरीवरचे विल्सन राइल्स आमच्याकडे असते, तर उमेदवारी दूरच राहिली, त्यांस त्या मतपेटींत एक चिठ्ठीहि टाकतां आली नसती.